'पॅरी' : पंधरा लाथांमागचा अंदाज

'स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक' या लढतीच्या व्हिडिओ गेममध्ये जॉयस्टिक मागे धरली, की बचाव होतो, मात्र विशेष प्रहार असल्यास थोडी शक्ती घटतेच. प्रहार पोहोचताना नेमक्या क्षणी ती पुढे ढकलली, तर 'पॅरी' साधते व शक्ती मुळीच घटत नाही. क्षण चुकला, तर प्रहार पुरता बसतो.

कॅलिफोर्नियातील पोमोना येथे २००४ मध्ये झालेल्या 'इव्हो' स्पर्धेत जपानच्या दाइगो उमेहाराच्या 'केन'ची शक्ती जवळपास संपली होती. साधा बचावही त्याला पुरला नसता. अमेरिकेच्या जस्टिन वाँगने 'चुन-ली'चा महाप्रहार सोडला. उमेहाराने त्यातील पंधराही लाथा पॅरी केल्या, अखेरची तर हवेत, आणि लगेच प्रतिहल्ला करून फेरी जिंकली.

ही चित्रफीत जगभर गाजली. तिच्यात बोटांची चपळाई तेवढी दिसते. वास्तविक, महाप्रहार डोळ्यांना दिसेपर्यंत थांबल्यास पहिल्या पॅरीला उशीर होतो. वाँग तो केव्हा सोडील, हे अंतर आणि प्रतिस्पर्ध्याची अडचण पाहून आधीच ताडावे लागते. नवखे खेळाडू मात्र पंधरा लाथांचाच सराव करीत बसतात.

त्या स्पर्धेची अंतिम लढत उमेहारा हरला. विजेता ठरला केंजी ओबाता.