बसरा मोती आणि चवाचा हिशोब



नातीचं लग्न ठरलं म्हणून सासूबाईंचा तन्मणी कपाटातून काढला. नात म्हणाली, "आजी, हे खरे बसरा मोती ना? मग किंमत किती असेल याची? आणि याला शोभतील अशी मोत्याची कानातली पण घेऊया." मी पडले कॉमर्सची. किंमत म्हटली की हिशोबाला बसणारच!

बसरा हे इराकमधलं बंदर. मोती निघत ते इराणच्या आखातात, बहारीन आणि कुवेतकडच्या समुद्रात. व्यापाराच्या बंदरावरून नाव पडलं, इतकंच.

स्वातीचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, असं आपण लहानपणी ऐकलं. प्रत्यक्षात शिंपल्यातल्या जीवाला इजा झाली किंवा एखादा कृमी आत शिरला, की तो त्याभोवती थरावर थर चढवत जातो. म्हणजे मोती हा त्याच्या दुखण्यावरचा उपाय. कुठल्या शिंपल्यात मोती आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून सगळेच फोडायचे. शेकडो फोडावेत तेव्हा एखादा चांगला मोती हाती लागायचा.

उन्हाळ्याचे चार महिने पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून एका श्वासात तळाशी जात. हंगामाआधी घेतलेली उचल फिटत नसे. बाप गेला की कर्ज मुलाच्या डोक्यावर येई.

तिथला माल मुंबईला येई. इथे मोत्यांची प्रतवारी होई, त्यांना भोकं पाडली जात आणि भाव 'चव' या मापाने ठरे. चवाचं गणित गमतीचं आहे. भाव वजनाच्या वर्गाने वाढतो. एका रतीच्या मोत्याला १ रुपया धरला, तर तशाच पाण्याच्या दोन रतीच्या मोत्याला २ नाही, ४ रुपये. तीन रतीच्याला ९. मोठा मोती इतका दुर्मीळ होता!

हा भाव कुठवर गेला? १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये कार्तिए या जवाहिऱ्यांनी मोत्यांचा दोन सरांचा एक हार आणि वर १०० डॉलर देऊन फिफ्थ अॅव्हेन्यूवरचा अख्खा वाडा घेतला. हाराची किंमत होती १० लाख डॉलर.

पण तिकडे जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ सालीच शिंपल्यात मोती वाढवून दाखवला होता. पुढे गोल मोतीही जमले आणि १९२० नंतर बाजारात आले. दुर्मीळपणा संपला. त्यात १९२९ नंतरची जागतिक मंदी आली आणि आखातातला धंदा बसला. तो न्यूयॉर्कचा हार १९५७ मध्ये लिलावात निघाला, तेव्हा दीड लाख डॉलरच्या आसपास आले. वाडा मात्र आजही कार्तिएकडेच आहे.

इथवर जमाखर्च जुळला. पण एक रकाना कुठल्याच वहीत नव्हता. शिंपला हा आपल्या शास्त्राप्रमाणे द्वींद्रिय जीव. त्याला स्पर्श कळतो, रस कळतो. फोडलेल्या शेकडो शिंपल्यांची नोंद कुणी ठेवली? वाढवलेल्या मोत्यात तर आधी एका शिंपल्याचं आवरण कापून त्याचा तुकडा दुसऱ्याच्या अंगात घालतात आणि शेवटी त्यालाही उघडतात. मोती स्वस्त झाला, पण हिंसा कमी झाली नाही. उलट गळ्यागळ्यात मोती आले.

सासूबाईंच्या तन्मणीमागचे जीव परत येणार नाहीत. तो नातीला देईन, ही गोष्ट सांगूनच देईन. पण मोत्याची नवी कानातली घ्यायची नाहीत, असं तिला सांगितलं. ती जरा हिरमुसली. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "आजी, सोन्याच्या कुड्या चालतील."

तुमच्या कपाटातही सासूबाईंचे मोती असतील. ते मुलीच्या हाती देताना किंमत सांगालच. त्यासोबत हा राहिलेला रकानाही सांगा.