माळवदाची माती

लातूर-नांदेडकडच्या माळवदाच्या घरात भर वैशाखातही गारवा कसा राहतो? तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढरी माती. फूटभर कोरड्या मातीतून दुपारची उष्णता खाली पोचायला दहा-बारा तास लागतात. तोवर ती क्षीण होते. गळती नको म्हणून घरचीच माणसे मृगाआधी नवी माती टाकत. जुनी कोण काढतो! पिढ्यान्पिढ्या थर चढत काही घरांत दोन फुटांवर गेला, म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ एक टन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि हे ओझे झोपलेल्यांवर आले. पुढे भीतीने अनेकांनी पत्रे घातले. उन्हाळ्यात त्याखाली बसवेना. आमच्या मते भिंतींइतकाच दोष जाडीचा होता. थर वीतभर ठेवावा, त्यात पाणी मुरू नये म्हणून प्लॅस्टिकचा कागद घालावा, असे अभियंत्यांनी तेव्हा सुचवलेही होते.