गिटार शिकताना बोटे दुखतात: किती दुखणे चालेल आणि कधी थांबावे?

अकूस्टिक गिटार नव्याने हातात घेतल्यावर पहिल्या आठवड्यातच बोटांची टोके हुळहुळतात. अमेरिकन कंट्री संगीताच्या पद्धतीने शिकत असाल, तर हे जास्त जाणवते. त्या वादनात सहसा पोलादी तारांची गिटार वापरतात आणि या तारा क्लासिकल गिटारच्या नायलॉन तारांपेक्षा बारीक, कडक आणि जास्त ताणलेल्या असतात.

बोटांच्या टोकांचे दुखणे बहुतेक वेळा काळजीचे नसते. मनगट दुखणे, बोटांना मुंग्या येणे किंवा बधिरपणा मात्र अंगावर काढू नका.

बोटांची टोके का दुखतात?

तारेचा दाब त्वचेच्या अगदी छोट्या भागावर येतो. तो रोज थोडा थोडा पडत राहिला, की तिथली त्वचा जाड होते, म्हणजेच घट्टे पडतात. याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. घाईने तासन्‌तास वाजवल्यास घट्ट्यांऐवजी फोड येतात आणि सराव उलट लांबतो.

फोड आल्यास तो फोडू नका, सालपट ओढू नका. त्वचा भरेपर्यंत डाव्या हाताला विश्रांती द्या आणि उजव्या हाताचा ताल पक्का करा. (डावखुऱ्या वादकांनी हात उलट समजावेत.) कंट्रीतला मूळ ताल म्हणजे आधी खर्जाची एक तार आणि मग बाकीच्या तारांवर झटका. तो कॉर्ड न दाबताही शिकता येतो.

दुखणे कमी करण्यासाठी

- सुरुवातीला १० मिनिटांचा सराव दिवसातून दोन-तीन वेळा करा. सलग एक तास बसू नका.
- बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या अगदी मागे ठेवा. तिथे कमी जोरातही स्वर स्वच्छ निघतो.
- मनगट शक्य तितके सरळ ठेवा. अंगठ्याने गिटारची मान आवळू नका.
- दुकानातून ‘एक्स्ट्रा लाइट’ तारा बसवून घ्या आणि तारांची उंची तपासून घ्या. तारा फार उंच असतील तर दोष तुमच्या बोटांचा नाही.
- सर्व तारा एक स्वर खाली लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो बसवा. ताण कमी होतो, पट्टी तीच राहते.
- जी, सी, डी या तीन कॉर्डवर कंट्रीची असंख्य गाणी वाजतात. एका बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागणारा एफ कॉर्ड काही महिने बाजूला ठेवला तरी चालेल.

वेदनाशामक गोळी घेऊन सराव चालू ठेवू नका. दुखणे दबते, पण इजा वाढत राहते.

ही लक्षणे वेगळी आहेत

- अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला मुंग्या, रात्री झोपमोड: मनगटात नस दबत असण्याची शक्यता (कार्पल टनेल सिंड्रोम).
- करंगळी बधिर होणे: कोपर बराच वेळ दुमडलेले राहिल्याने तिथली नस दबू शकते.
- अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखणे: कंडरांच्या आवरणाला सूज.
- बोट दुमडल्यावर अडकणे, ‘कट’ करून सुटणे: ट्रिगर फिंगर.
- बोटांवर खाज, पुरळ: फ्रेटच्या धातूत बहुधा निकेल असते. नकली दागिन्यांनी खाज सुटणाऱ्यांना हा त्रास होऊ शकतो.

मधुमेह असल्यास

मधुमेहात ट्रिगर फिंगर आणि कार्पल टनेल जास्त आढळतात. बोटांची संवेदना कमी झाली असेल, तर फोड किंवा जखम कळतही नाही. म्हणून वाजवून झाल्यावर बोटे डोळ्यांनी तपासा. नजर कमी असेल, तर घरच्यांनी पाहावीत. जखम झाल्यास ती भरेपर्यंत त्या बोटाने तार दाबू नका.

डॉक्टरांना कधी भेटावे?

- गिटार खाली ठेवल्यावरही मुंग्या किंवा बधिरपणा राहतो
- पकड कमजोर झाली आहे, हातातून वस्तू निसटतात
- एक-दोन आठवडे विश्रांती घेऊनही दुखणे कमी होत नाही
- बोट लाल, गरम, सुजलेले आहे, पू किंवा ताप आहे (त्याच दिवशी दाखवा)

आधी फॅमिली डॉक्टरांना दाखवा. गरज पडल्यास ते अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडे पाठवतील. जाताना तुम्ही गिटार कशी धरता याचा छोटा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा. दुखण्याचे कारण अनेकदा हात धरण्याच्या पद्धतीत सापडते.

वेळेवर दाखवल्यास पुष्कळांना विश्रांती, रात्री मनगटाला स्प्लिंट आणि बसण्याच्या पद्धतीतला बदल एवढ्यानेच आराम पडतो. गिटार कायमची सोडावी लागेल या भीतीने तपासणी टाळू नका. नसेवरचा दाब महिनोन्‌महिने तसाच राहिला, तर मात्र हाताची ताकद पूर्ण परत येईलच असे नाही.