बातमींतील तोफ आणि गडावरील तोफ

मुळशी तालुक्याच्या पश्चिम अंगास, कोरबारसे मावळांत, पेठ-शहापूर गांवाच्या डोक्यावर कोरीगड उभा आहे. तट बहुतेक शाबूत, माथा सपाट, त्यावर दोन तळीं, कोराई देवीचें देऊळ आणि ऊनपाऊस खात राहिलेल्या कांहीं तोफा. त्यांतल्या सर्वांत मोठ्या तोफेस 'लक्ष्मी' म्हणतात. सह्याद्रींतील गडांवरच्या अशा तोफांविषयीं वर्तमानपत्रांत मजकूर येतो तेव्हां दोन विशेषणें बहुधा ठरलेलीं असतात : 'शिवकालीन' आणि 'पंचधातूची'. बातमीदाराचा हेतु चांगलाच असतो. परंतु हीं दोन विशेषणें लिहिण्यापूर्वीं तोफेकडे कोणी नीट पाहिलेलें असतेंच असें नाहीं.

कोरीगड १६५७ मध्यें शिवाजी महाराजांच्या ताब्यांत आला आणि १८१८ च्या मार्च महिन्यांत कर्नल प्रॉथरच्या फौजेनें तो घेतला. मधला काळ एकशें एकसष्ट वर्षांचा आहे. एवढ्या अवधींत गडावरच्या तोफा बदलल्या, फुटल्या, दुसरीकडून आणल्या गेल्या. मग गड शिवकालीन म्हणून त्यावरील प्रत्येक तोफही शिवकालीन, हें अनुमान कसें टिकावें ? वाड्यांतल्या भिंतीवर घड्याळ टांगलेलें आहे म्हणून तें वाडा बांधणाऱ्यानेंच आणलें, असें कोणी म्हणत नाहीं.

'पंचधातू'चा निकाल तर चार आण्यांच्या लोहचुंबकानें लागतो. तांबें व कथील यांच्या मिश्रणाची ओतीव तोफ हिरवट पडते आणि तिला चुंबक चिकटत नाहीं. लोखंडी तोफ तांबूस गंजते, तिचे पापुद्रे सुटतात, चुंबक तिला घट्ट धरतो. गडांवर आज उरलेल्या तोफांपैकीं बहुसंख्य लोखंडी आहेत, आणि त्याचें कारणही उघड आहे : तांब्याची तोफ वितळविली कीं तिचे पैसे होतात. जी तोफ नेण्याच्या लायकीची होती ती गेली. जी गैरसोयीची होती ती राहिली.

यापुढची परीक्षा डोळ्यांची आहे. यूरोपांत ओतलेल्या तोफेवर पुष्कळदां खुणा असतात. इंग्रज राजाच्या तोफेवर मुकुट व त्याखालीं राजाच्या नांवाचीं गुंफलेलीं आद्याक्षरें, डच कंपनीच्या तोफेवर तिच्या तीन अक्षरांची मोहोर, पोर्तुगीज तोफेवर ढालीचें राजचिन्ह. इंग्रजी तोफेच्या मागच्या अंगास कित्येकदां तीन आंकडे खोदलेले आढळतात, आणि येथेंच मोठी गंमत होते. समजा, १७—२—६ असे आंकडे आहेत. घाईनें पाहणारा त्यांतून तारीख काढील, १८०६ सालच्या फेब्रुवारीची सतरावीसुद्धां ठरवील. वास्तविक तें तोफेचें वजन आहे. पहिला आंकडा ११२ पौंडांच्या हंड्रेडवेटचा, दुसरा त्याच्या चौथाईचा, म्हणजे २८ पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. हिशेब केला तर १,९६६ पौंड भरतात. तोफेनें आपली जन्मतारीख नव्हे, आपला भार सांगितलेला असतो.

लेख स्पष्ट असला तरीही सावध राहावें लागतें. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ मध्यें अहमदनगरास महंमद बिन हसन रूमी यानें ओतली व १६३२ मध्यें ती विजापुरास आली. तिच्यावर औरंगजेबाचाही लेख आहे. पण तो विजापूर जिंकल्यानंतर खोदविलेला. तेवढाच लेख वाचणारा ही अजस्र तोफ मोगलांच्या पदरीं घालून मोकळा होईल आणि नगरच्या ओतकाऱ्याचें श्रेय जाईल.

शब्दही असेच फसवितात. मराठी कागदपत्रांत लढाईच्या सामानांत 'बाण' येतात. आजच्या वाचकास धनुष्याचा बाण दिसतो. पुष्कळ ठिकाणीं अभिप्रेत असतो तो दारूनें भरलेल्या नळीचा अग्निबाण. कर्नाटकांत शिमोगा जिल्ह्यांतील नगर येथें २००२ मध्यें एका जुन्या विहिरींत गंजलेल्या लोखंडी नळ्या निघाल्या. प्रथम त्यांना तोफेचे गोळे समजण्यांत आलें. पुढें दहाएक वर्षांनीं तपासणी होऊन ते हैदर-टिपूच्या काळचे अग्निबाण ठरले, आणि २०१८ मध्यें त्याच गांवीं आणखी हजाराहून अधिक सांपडले. पहिल्या वेळीं त्या नळ्या भंगारांत गेल्या असत्या तर ?

गोळ्यांच्या बाबतींत हा घोटाळा केवळ विद्वत्तेचा राहत नाहीं. भरीव लोखंडी गोळा निरुपद्रवी असतो. कुलपी गोळा पोकळ असून त्यांत दारू भरलेली असे व उखळी तोफेंतून तो तटावरून आंत टाकीत. कोरीगडच्या वेढ्यांत इंग्रजांच्या माऱ्यानें दारूचें कोठार उडालें आणि १४ मार्च १८१८ रोजीं गड पडला. दोन महिन्यांनीं रायगडावर याच प्रॉथरच्या उखळी तोफांनीं वाड्यांना आगी लावल्या. अशा गडाखालच्या शेतांत गोळा निघाला तर तो भरीव कीं पोकळ, त्याला वातीचें छिद्र आहे कीं नाहीं, हें न पाहतां हातोडा मारणें जिवावर बेतूं शकतें. 'जुना बाँब' किंवा 'दगडी गोळा' असें मोघम छापून हा भेद कळत नाहीं.

हातांतल्या शस्त्रांची गोष्ट आणखी बिकट. 'ठासणीची बंदूक' एवढाच शब्द बातमींत येतो. पण ठासणीची म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी भरावयाची. तींत तीन पिढ्या आल्या. पहिली तोड्याची, म्हणजे जळत्या जामगीनें पेटणारी. दुसरी चकमकीची, गारेच्या ठिणगीनें पेटणारी. तिसरी टोपीची, म्हणजे ठोक्यानें भडकणाऱ्या मसाल्याची. या तिसऱ्या युक्तीचा मूळ हक्क फॉर्सिथ नांवाच्या एका स्कॉटिश धर्मोपदेशकानें १८०७ मध्यें मिळविला, आणि टोपी प्रचारांत आली ती त्यानंतर. म्हणून जिच्या नळीच्या बुडाशीं टोपी बसविण्याची लहानशी बोंडी आहे, ती बंदूक त्या रूपांत मावळ्यांच्या खांद्यावर असणें शक्य नाहीं. जुनी चकमकीची बंदूक मागाहून टोपीची करून घेत, हेंही ध्यानांत ठेवावें. कळीच्या पट्टीवर कंपनी सरकारची बदामी मोहोर किंवा मुकुट धरलेला सिंह दिसला तर काळाचा अंदाज आणखी जवळ येतो. सिंहाची खूण १८०८ च्या सुमारास सुरू झाली. तसेंच 'बारा बोअर' म्हणजे बारा गोळ्यांची बंदूक नव्हे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक जिच्या नळींत बसेल, ती बारा बोअरची.

पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांची अदलाबदल तर नित्याचीच. रिव्हॉल्व्हरमध्यें काडतुसांचें चक्र फिरतें. स्वयंचलित पिस्तुलांत काडतुसें मुठींतल्या पेटींत असतात व झाडलेल्याची नळकांडी आपोआप बाहेर पडते. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकास अनंत कान्हेरे यांनीं जॅक्सनवर झाडलें तें ब्राउनिंग पिस्तूल होतें. लंडनहून चतुर्भुज अमीन याच्याबरोबर आलेल्या वीस पिस्तुलांचा माग त्यावरूनच निघाला. गांधीजींच्या हत्येंतील शस्त्र इटालियन बेरेटा पिस्तूल होतें, त्याचा क्रमांक ६०६८२४. तरीही 'रिव्हॉल्व्हर' हा शब्द त्या प्रसंगाच्या वर्णनांतून अद्याप गेलेला नाहीं. जागेवर रिकामी नळकांडीं पडतात कीं चक्रांतच राहतात, यावर साक्षीपुराव्याचा एक धागा अवलंबून असतो, हें लिहिणारे विसरतात.

आणि कायद्यापुढें शब्दाला किंमत आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमानें जुन्या घाटाचीं, पुराणवस्तु म्हणून मोलाचीं किंवा मोडकीं, पण दुरुस्ती करूनही बंदुकीसारखीं वापरतां येणार नाहींत अशीं शस्त्रें वगळलीं आहेत. झाडतां येण्याजोगी ठासणीची बंदूक कितीही जुनी असली तरी केवळ वयानें सुटत नाहीं. तेव्हां एखाद्या घराच्या माळ्यावर आजोबांची गंजलेली नळी सांपडली व पंचनाम्यांत नुसतें 'एक ठासणीची बंदूक' असें आलें, तर त्या घरच्यांना कोर्टाची पायरी चढावी लागेल कीं ती नळी संग्रहालयांत जाईल, हें त्या तीन शब्दांतून ठरत नाहीं. नळीची लांबी, तोंडाचा व्यास, कळ तोड्याची कीं टोपीची, रंजकाचें छिद्र मोकळें कीं बुजलेलें, पट्टीवरची खूण, आणि घांसून साफ करण्यापूर्वींचें एक छायाचित्र, एवढें नोंदविण्यास अर्धा तास पुरतो. घांसण्याची घाई मात्र करूं नये. कित्येक खुणा विटेच्या भुकटीनेंच कायमच्या पुसल्या जातात.