पुनर्भारणक्षम एलईडी दिवा

पुनर्भारणक्षम एलईडी दिवा (बोलीभाषेत 'चार्जिंगचा दिवा') हे घरगुती विजेवर भारित होणाऱ्या बॅटरीवर चालणारे प्रकाशसाधन होय. विजेरी आणि आपत्कालीन कंदील ही त्याची प्रचलित रूपे आहेत. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रात तो घरोघरी वापरला जाऊ लागला. स्वस्त दिव्यांतील परिपथ साधा असल्याने तो मोजक्या साधनांनी दुरुस्त करता येतो. मात्र या साधेपणातच त्याचा मुख्य धोका आहे.

रचना

अशा दिव्यांत बहुधा ४ व्होल्टची बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी असते. तिच्या भारणासाठी रोहित्र वापरलेले नसते. २३० व्होल्ट पुरवठ्याच्या एका तारेत बसवलेला फिल्म कपॅसिटर विद्युतधारा मर्यादित करतो आणि चार डायोडांचा सेतू तिचे एकदिश धारेत रूपांतर करतो. ५० हर्ट्झला १ मायक्रोफॅरड कपॅसिटरचा अवरोध सुमारे ३,१८० ओहम असतो. त्यामुळे सुमारे ७२ मिलिअँपिअर प्रत्यावर्ती धारा वाहते व सेतूनंतर बॅटरीला सरासरी ६५ मिलिअँपिअर मिळतात. ९०० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीला रात्रभर भारित करावे लागते ते यामुळेच. कपॅसिटरवर '१०५' असे छापलेले असल्यास त्याचे मूल्य १ मायक्रोफॅरड, '४७४' असल्यास ०.४७ मायक्रोफॅरड समजावे.

कपॅसिटरला समांतर जोडलेला, साधारणतः १ मेगाओहमचा रोधक प्लग काढल्यावर उरलेला विद्युतभार काही सेकंदांत नाहीसा करतो. तो तुटला असेल, तर काढलेल्या प्लगच्या पिनांचाही झटका बसतो.

सुरक्षितता

रोहित्राच्या अभावी संपूर्ण परिपथ वीजपुरवठ्याशी थेट जोडलेला राहतो. बॅटरी ४ व्होल्टची असली तरी भारण चालू असताना तिच्या टोकांना स्पर्श करणे प्राणघातक ठरू शकते. म्हणून तपासणी प्लग काढूनच आणि कपॅसिटरचा विद्युतभार शून्य झाल्याची खात्री करूनच करावी.

दोषनिदान

सर्वाधिक दोष बॅटरीत आढळतात. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीनंतर ४.२ व्होल्टच्या आसपास दाब दाखवते, दाब ३.५ व्होल्टच्या खाली बराच काळ राहिल्यास पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात. अशी बॅटरी मोकळी मोजल्यास कधी ४ व्होल्ट दाखवते, परंतु दिवा लावताच दाब कोसळतो. त्यामुळे मापन दिवा चालू ठेवूनच करणे योग्य. भारणाचा लाल दिवा लागणे हा बॅटरी भारित होत असल्याचा पुरावा नव्हे. अनेक दिव्यांत तो बॅटरी निकामी असतानाही लागतो.

बॅटरी चांगली असूनही भारित होत नसल्यास कपॅसिटर तपासावा. धातुलेपित फिल्म कपॅसिटरची धारकता वर्षानुवर्षे घटत जाते आणि त्या प्रमाणात भारणधाराही घटते. बाहेरून तो निर्दोष दिसतो, म्हणून धारकतामापन असलेला मल्टिमीटर आवश्यक असतो. डायोड एका दिशेने सुमारे ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतात. बटणाचे गंजलेले संपर्क व पट्टीवरील सुटलेले डाग हे दोष किरकोळ, पण वारंवार आढळणारे आहेत.

सर्व एलईडी एकाच वेळी जळाले असल्यास दोष सहसा एलईडींचा नसतो. बॅटरी तुटलेली असताना दिवा प्लगला लावून चालू केला, तर दाब रोखून धरणारे काहीच उरत नाही. पुरवठ्याचा शिखरदाब ३२५ व्होल्ट असल्याने एलईडी नष्ट होतात. बॅटरी न बदलता नवे एलईडी बसवल्यास तेही त्याच रीतीने जळतात. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागत असल्याने काही मल्टिमीटरांच्या डायोड-चाचणीत चांगला एलईडीही प्रकाशत नाही. ४ व्होल्टची बॅटरी व १०० ओहमचा रोधक वापरून केलेली चाचणी अधिक विश्वसनीय असते.

सुटे भाग बदलणे

नवा कपॅसिटर त्याच मूल्याचा, शक्यतो २७५ व्होल्ट प्रत्यावर्ती दाबाच्या एक्स२ वर्गाचा असावा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर येथे चालत नाही. शिसे-आम्ल बॅटरीच्या जागी लिथियम-आयन घट थेट जोडू नये, कारण ४.२ व्होल्टला भारण थांबवण्याची सोय या परिपथात नसते व अतिभारित घट पेट घेऊ शकतो. असा घट वापरायचा झाल्यास मूळ भारण परिपथ काढून टाकून टीपी४०५६ सारखे स्वतंत्र भारक मंडळ व पुरवठ्यापासून विलग असलेला ५ व्होल्टचा अडॅप्टर जोडतात. जुन्या शिसे-आम्ल बॅटरीत शिसे आणि गंधकाम्ल असते. ती घरगुती कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावी.