मोडी, बाळबोध आणि एका ओळीची आज्ञा

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाचा मास्तर संगणकात कुठे शिरला? पण रूप बदललं तरी वस्तू तीच राहते का, हा प्रश्न मूळचा आमच्याच विषयातला. आणि आपल्या कृष्णाकाठाला तो नवा नाही.

1898 साली राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तो वाईला मिळालेल्या कागदांवरून. त्याच सुमारास मिरजेला वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांची दप्तरं वाचत होते. दोघांपुढे काम एकच होतं: मोडी कागद बाळबोधीत छापायचा. आता मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, शब्दही तोडून लिहिलेले नसतात. 'दिन' की 'दीन', हे कागद सांगत नाही. लिप्यंतर करणाऱ्याला ते ठरवावं लागतं. छापील पान वाचणाऱ्याला मात्र कुणी काही ठरवलं होतं याचा पत्ताही नसतो.

आता 2019च्या ऑगस्टात या. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आभाळ भरलेलं, साध्या उपग्रह-छायाचित्रात नुसते ढग. युरोपच्या सेंटिनेल-1 उपग्रहाचं रडार मात्र ढगांपलीकडची जमीन पाहतं, आणि त्याची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. संथ पाणी त्यात काळं दिसतं. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तसं एक चित्र फोनवर पाठवलं. आम्ही विचारलं, "अरे, नदीकाठचा अमुक मळा यात बुडालाय का?" तो म्हणाला, "सर, यावरून नाही सांगता येणार."

का नाही? मूळ फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याला 0 ते 65535 मधला आकडा असतो आणि जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. ती जेपेगमध्ये बदलायला त्यानं 'जीडॅल' वापरलं होतं. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी 1998मध्ये सुरू केलेलं हे मोफत साधन शंभराहून अधिक नकाशा-प्रकार वाचतं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की काम झालं! पण नेहमीच्या जेपेगमध्ये 0 ते 255 एवढीच जागा. आकडे कसे बसवायचे हे सांगितलं नाही, तर 255च्या वरचं सगळं 255 होऊन बसतं. सगळा पल्ला सरसकट आवळला, तर पाणी आणि ओला गाळ एकाच काळ्यात जातात. शिवाय अक्षांश-रेखांश शेजारच्या एका छोट्या फाइलमध्ये पडतात. फोनवर चित्र आलं, ती फाइल मागे राहिली.

म्हणजे बघा, मोडीतून बाळबोधीत येताना माणसाला जे ठरवावं लागत होतं, तेच इथे त्या एका ओळीत ठरतं. ठरवू नये असं आम्ही म्हणत नाही. ठरवल्याशिवाय रूपांतर होतच नाही. पण ज्याच्या उसाचा पंचनामा व्हायचा आहे, त्याला पाणी बांधाच्या आत होतं की बाहेर, हे विचारायचा हक्क आहे. त्याचं उत्तर मूळ फाइलमध्येच सापडण्याची आशा.

राजवाड्यांनी अस्सल कागदाचा आग्रह जन्मभर धरला. आपण निदान एवढं करू: मूळ फाइल पुसायची नाही, पाहण्यासाठी वेगळी प्रत काढायची, आणि कोणत्या आज्ञेनं ती काढली ती ओळ जशीच्या तशी शेजारी लिहून ठेवायची. उद्याच्या संशोधकाला मग तुमचा निर्णय दिसेल; पटला नाही, तर तो मुळापासून पुन्हा सुरुवात करील.

असो. आता तुमचे प्रश्न घेऊ.