न मिळालेली ३० मिनिटं

वाशिम जिल्ह्यात जत्रेची दंगल दिवे लागेपर्यंत चालते. एखाद्या पोराची दमछाक करणारी कुस्ती झाली आणि कुणी लगेच त्याला दुसरी जोड लावायला निघालं, की कडेला बसलेला म्हातारा वस्ताद ओरडतो, ‘अरे, दम तं घेऊ द्या पोट्ट्याले!’ पंचही थांबतो. अशा वेळी मला खाशाबा जाधव आठवतात. २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांच्या बाजूनं असं ओरडणारं कुणी नव्हतं.

चार वर्षं आधी. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान लंडन ऑलिंपिकला उतरला, तो लाल मातीत घडलेला. गादीवरची कुस्ती त्याला नवी होती. तरीही फ्लायवेट गटात तो सहावा आला.

काही महिने आधी. हेलसिंकीला जायचं तर पैसे हवेत. गावानं वर्गणी काढली, पण ती पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी मास्तरनं घर गहाण टाकणं, हे लिहितानाही मला भरून येतं.

आधीच्या फेऱ्या. गट बँटमवेटचा, वजन ५७ किलो. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल खाशाबांनी हरवले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. सुवर्णपदक आता हाताच्या अंतरावर आलं होतं.

शेवटची १५ मिनिटं. समोर जपानचा शोहाची इशी. ही लढत पंधरा मिनिटांच्या आसपास चालली. कुणी चीत होईना, आणि अखेर खाशाबा एका गुणानं हरले. याच इशीनं पुढे सुवर्ण जिंकलं, म्हणजे त्या दिवशीच्या सर्वांत तगड्या माणसाशी खाशाबा बरोबरीनं झुंजले होते.

३० मिनिटं. नियमानं आता खाशाबांना किमान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. ज्यानं एकदा तरी लंगोट कसला आहे, त्याला या अर्ध्या तासाची किंमत सांगावी लागत नाही. पहिली पाच मिनिटं तर नुसता भाता चालतो. मग कुणी घाम पुसतं, घोटभर पाणी देतं. मनगटापासून कोपरापर्यंत गोळे आलेले असतात, बोटं मिटत नाहीत; ती चोळून मोकळी करावी लागतात. पकड परत येते ती विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला. ढाकेसारख्या डावात सारा खेळ पकडीचाच.

० मिनिटं. विश्रांती मिळालीच नाही. इशीच्या लढतीनंतर खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवसमोर उभं केलं गेलं, अशीच हकीकत आजवर सांगितली जाते. नियमावर बोट ठेवून ‘थांबा’ म्हणायला भारताचा एकही अधिकारी तिथं नव्हता. परक्या मुलखात, परक्या भाषेत, धापा टाकणाऱ्या पैलवानानं पंचांशी वाद तरी कसा घालावा? खाशाबा हरले. मामेदबेकोवला रौप्य मिळालं, खाशाबांना कांस्य.

स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसच्या रूपानं. म्हणून कांस्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण ते अर्ध्या तासाचं देणं मला अजून सलतं. हरण्याला माझी हरकत नाही; दम खायची उसंत न देता हरवलं गेलं, याला आहे.

नंतर. कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, शंभरावर गाड्या जुंपल्या होत्या. सत्कार आटोपले आणि खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले. त्यांत स्वतः लढले. त्या पैशातून त्यांनी खर्डेकर सरांचं घर सोडवलं.